रामरावाचं घर

खंडेराव ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते आणि त्यांनी चहा परत पाठवला होता. उगल्यांच्या घरात चहा परत जाणं ही साधी गोष्ट नव्हती. वडील वारले त्या दिवशीसुद्धा खंडेरावांनी चहा घेतला होता, गुळाचा, उभ्याउभ्या.

सिन्नरजवळच्या माळेवाडीहून सगळं घर दोन बैलगाड्यांत बसून, आंब्यांच्या पाट्या घेऊन नाशकात आलं होतं ते धाकट्या भावाचं, म्हणजे प्रोफेसर गोरक्ष उगल्यांचं व्याख्यान ऐकायला. काल संध्याकाळी नदीकाठच्या मांडवात ते झालं. लोक हसले, टाळ्या पडल्या, वकील मंडळींनी माना डोलावल्या. आणि व्याख्यान ऐन रंगात आलं असताना पहिल्या रांगेतले खंडेराव उठले, पटका सावरला आणि माणसांमधून वाट काढत निघून गेले. रात्री ते कुणाशी बोलले नाहीत. सकाळीही नाहीत. रविवार कारंजाजवळच्या गोरक्षच्या भाड्याच्या घरात आता जो तो त्यांच्या पाठीकडे बघत होता.

गोरक्ष मधल्या खोलीत छापखान्यातून तपासायला आलेल्या मुद्रितांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता आणि एकच पान तिसऱ्यांदा वाचत होता.

तो अकरा वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होता. ब्रिटिश पार्लमेंट शिकवताना वर्गाचे दोन भाग करून समोरासमोर बसवायचा आणि मागच्या बाकावर पेंगणाऱ्याला सभापती करायचा. सभापतीला फारसं बोलायचं नसतं, असं वर सांगायचा. दर गुरुवारी एका साप्ताहिकात त्याचा लेख यायचा. ह्या हिवाळ्यात निवडणुका झाल्यापासून तर त्याच्या लेखणीला उसंत नव्हती. निवडून आलेल्यांनी मंत्रिपदं घ्यावीत की घेऊ नयेत, यावर त्याने सलग पाच लेख लिहिले होते. पाचवा लेख पहिल्याच्या बरोबर उलट गेला, हे कारंजावरच्या पानवाल्यानेही त्याच्या लक्षात आणून दिलं होतं. बायकांना मताचा हक्क नवऱ्याच्या जमिनीवरून का मिळावा, हा त्याचा लेख तर मुंबईच्या एका पत्राने उचलून छापला होता.

पण जीव होता तो पुस्तकात. सहा वर्षं प्रत्येक सुट्टी त्याने गावोगावच्या चावड्यांवर आणि भावकीच्या बैठकांत कोपऱ्यात बसून काढली होती. वही काढली की माणसं एकदम शहाण्यासारखी बोलू लागतात, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं. मग त्याने वही घरी ठेवली आणि चिंचोके उचलले. एका बैठकीत एकाच माणसावर लक्ष ठेवायचं, तो बोलला की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. घरी आल्यावर मोजायचं. अशा एकशे बारा बैठका झाल्या. धोबी पहिल्या वर्षी विचारायचा, मग विचारेनासा झाला.

त्या सगळ्यातून पुस्तक उभं राहिलं आणि त्याचं तिसरं प्रकरण उभं राहिलं ते त्याच्या स्वतःच्या घरावर. नावं बदलली होती. खंडेराव झाले होते 'रामराव', मधला भाऊ वाल्मीक झाला होता 'यशवंतराव'. आणि निष्कर्ष असा, की घरचा कारभारी निर्णय घेत नाही. बाहेर पुरुष दोन-दोन तास वाद घालतात. निर्णय आत चुलीपाशी होतो. तो झाला की आतून पानाचं तबक बाहेर येतं, कारभारी घसा खाकरतो आणि आत जे ठरलं तेच 'मी असं ठरवलं' म्हणून सांगतो. काल मांडवात लोक ह्यालाच हसले होते, आणि ह्याच्यानंतर थोड्या वेळाने दादा उठले होते.

पुस्तक छापखान्यात देताना गोरक्षने दादांना शब्द दिला होता. घरातल्या एकानेही नको म्हटलं, तर ते बाहेर येणार नाही. खंडेराव तेव्हा एवढंच म्हणाले होते, "एकदा वाचून दाखव." ते राहून गेलं. व्याख्यान म्हणजे तरी काय, वाचून दाखवणंच की, अशी त्याने मनाची सोय करून घेतली होती. त्या सोयीची त्याला आता लाज वाटत होती.

आणि आजच जेवणाच्या आत छापखान्याचे निसारभाई उत्तर न्यायला येणार होते. अर्ध्या छापखान्याचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, ह्या एका पुस्तकात अडकले होते, आणि बाहेर लग्नपत्रिकांची रांग लागली होती. हो म्हटलं तर उद्या छपाई. नाही म्हटलं तर जुळवलेली पानं सोडायची, खिळे परत खणांत टाकायचे, आणि सहा वर्षं संपली. कॉलेजात त्याची नेमणूक अजून 'तात्पुरती' होती; ती कायम करायची की नाही, याचा विचारही कमिटी ह्या पुस्तकावरच करणार होती. तरी दादांनी नको म्हटलं असतं, तर गोरक्षने पानं सोडायला सांगितली असती. ज्यांनी स्वतः नांगर धरून आपल्याला शिकायला पाठवलं, त्यांना मान खाली घालायला लावून कायमचं प्रोफेसर व्हायचं नाही, एवढं त्याने रात्रीच ठरवलं होतं.

*

स्वयंपाकघरात बायका आंबे पिळत होत्या. मधोमध मोठं पातेलं, भोवती कोपरापर्यंत पिवळे झालेले हात. घरची थोरली, म्हणजे खंडेरावांच्या पत्नी, पाट्यांजवळ बसून एकेक आंबा हुंगून पुढे देत होत्या. त्यांना सगळे 'वैनी' म्हणत, मोठी माणसं होती तेव्हा ती 'थोरली' म्हणत. त्या बोलत कमी. त्यांनी आंबा बाजूला ठेवला की तो नासका, यावर वाद व्हायचा नाही.

गोजराबाई मात्र बोलत होत्या. ह्या तिघा भावांची बहीण, सटाण्याकडे दिलेली. वीस वर्षांत सासरची बोली जिभेवर बसली होती, पण ती वर यायची फक्त राग आल्यावर.

"आख्खा पुस्तकमा मी कोठे शे?" त्यांनी कोय आपटली. "दादा हाय, वाल्मीक हाय. शेजारच्या तुकारामाचा बैलसुद्धा हाय म्हने. सख्खी बहीण नाय. माझं आपलं ठरलं. मी नको म्हननार."

"आक्का, असं नका करू," सिंधू म्हणाली. सिंधू ही गोरक्षची बायको, मराठी सातवीची फायनल परीक्षा झालेली. सगळं पुस्तक तिने दोनदा सुवाच्य उतरवून काढलं होतं. "तुम्ही आहात. पाचव्या प्रकरणात. तीन पानं."

"कोन्या नावानं?"

सिंधूने हातातली कोय ठेवली. "'सासरी गेलेली बहीण' म्हणून. माहेरी वाटणीचा विषय निघाला की ही बहीण सणाचं निमित्त काढून येते, आणि ती आली की तोपर्यंत ठरलेलं मोडतं, असं आहे."

गोजराबाईंनी पिळता आंबा हातात धरून विचार केला. "मोडतं म्हनजे... माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळेच. तसं स्पष्ट लिहिलंय."

"तीन पानं म्हनलीस ना?"

"साडेतीन."

"हां," गोजराबाई म्हणाल्या आणि आंबा पिळू लागल्या. "पर दादा नाय म्हनला तर माझ्या हो ला काय अर्थ? तू त्याचं तोंड बघितलं का?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने एक आंबा हुंगला आणि पुढे दिला. राग आला की तिचा नवरा दोन भाकरी जास्त खातो, हे तिला छत्तीस वर्षांच्या संसारातून माहीत होतं. चहा परत पाठवतो तो फक्त रुसल्यावर. म्हणजे रागावलेला नाही, रुसलाय. रुसवा कशाचा ते मात्र तिलाही कळलं नव्हतं, आणि जे कळलेलं नाही त्याविषयी ती बोलत नसे.

"पानं नीट पुसून घ्या," ती म्हणाली. "आन तबकात कात ठेवायचा ऱ्हायलाय."

सिंधूला एकदम हसू आलं. तिसरं प्रकरण तिच्यासमोर मांडी घालून बसलं होतं.

*

वाल्मीक मधल्या खोलीत आला तो दार लोटूनच. तो तालुक्याच्या लोकल बोर्डाचा सभासद होता आणि उन्हाळ्यातही कोट काढत नसे.

"एक्केचाळीस वेळा बोललो म्हन्तोस मी," तो म्हणाला. "एका बैठकीत. कोनी मोजलं?"

"मी. चिंचोक्यांनी."

"खिशातून सांडले असतील."

"सांडले तर कमी भरतील नाना, जास्त कसे?"

वाल्मीकने हा मुद्दा सोडून दिला. "बरं, आन वर काय लिहिलं? 'यांपैकी एकाही बोलण्याचा निकालावर परिणाम झाला नाही.' काल मांडवात बोर्डाचे चौघं बसले व्हते. त्यातला एक येताना मला म्हनतो, काय यशवंतराव. आता काय करू मी?"

"तुला काय हवंय?"

"वीस कर."

"आकडा बदलता येत नाही."

"पंचवीस. मधला मार्ग."

"नाना, ह्या कामात मधला मार्ग नसतो. एक आकडा खोटा निघाला तर एकशे बारा बैठका खोट्या होतात. तू नको म्हण, मी पुस्तक थांबवतो. पण आकडा तोच राहील."

वाल्मीक खिडकीपाशी गेला, परत आला. धाकटा असा ताठ उभा राहिला की त्याला आतून बरंच वाटायचं, पण ते दाखवायचं नसतं. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "बाकीच्या गावांत कितीपर्यंत गेले?"

"विंचूरकडचे एक पाटील आहेत. छत्तीस."

"आन त्यांच्या वर?"

"वर कुणी नाही. तू."

"साऱ्या जिल्ह्यात?"

"मी बसलो त्या बैठकांत तरी."

वाल्मीकने कोटाची वरची गुंडी लावली. विंचूरच्या पाटलांना तो ओळखत होता. जिल्ह्याच्या सभेत ते कुणाला तोंड उघडू देत नसत. "छत्तीस," तो स्वतःशीच म्हणाला. "मोठा वक्ता समजतो सोताला." आणि तो थेट ओट्यावर गेला.

"दादा," तो म्हणाला, "पुस्तक तसं वाईट नाय. अभ्यासानं लिहिलंय."

खंडेराव रस्त्याकडेच बघत राहिले. एक टांगा गेला, दुसरा गेला.

आतून गोजराबाई म्हणाल्या, "वाल्मीकबी फुटला," आणि बायका हसल्या. गोरक्षला हसू आलं नाही. दोघं वळली होती, पण ज्यांच्यासाठी शब्द दिला होता ते अजून पाठ करून बसले होते. तो उठला आणि ओट्याच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.

"दादा, मी चुकलो. आधी तुम्हाला वाचून दाखवायला हवं होतं. तुम्ही म्हणाल तर निसारभाईंना मी आत्ता सांगतो, पानं सोडा म्हणून."

खंडेरावांनी मान थोडी वळवली. काहीतरी बोलावं असं त्यांच्या ओठांवर आलेलं दिसलं. तेवढ्यात कोपऱ्यावरून निसारभाई आले.

*

निसारभाई मूळचे मालेगावचे. घरात सगळे विणकर, हे एकटेच खिळे जुळवण्यात शिरले आणि वीस वर्षं नाशकात राहिले. नखांत शाई कायमची मुरलेली. ते ओट्यापाशी थांबले, सगळ्यांना सलाम केला, पटक्यातल्या धिप्पाड माणसाकडे निरखून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे रामराव आपणच," ते म्हणाले. "माशाल्ला. दोन महिने तुमच्यासंगतीत आहे साहेब मी."

उंबऱ्यात गोरक्षने डोळे मिटले. वाल्मीकने कोटाची गुंडी सोडली.

"नाय," खंडेराव म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा हा पहिला शब्द. "तेच तर म्हन्तोय. मी रामराव नाय."

"जी?"

"बसा निसारभाई. तुम्ही न्यायानं सांगा." खंडेराव पहिल्यांदा रस्त्याकडे पाठ करून घराकडे वळले. "काल मी पुढं बसलो व्हतो. हा बोलाया लागला. पहिल्या दोन वाक्यांतच मी वळखलं, हे आपलं घर. आपला आड, आपलं पानाचं तबक, सगळं आपलं. माझ्या शेजारी एक म्हातारे मास्तर बसले व्हते. मी त्यांला म्हनलो, मास्तर, हे ज्या घराचं चाललंय ना, ते माझं घर. तर ते म्हनले, 'छे हो, पाव्हणं. ते रामरावाचं घर. आत्ताच सांगितलं की प्रोफेसरांनी.' मी म्हनलो, अवो मीच तो. ते हसले. म्हनले, 'असं प्रत्येकालाच वाटतं. ह्यालाच चांगलं व्याख्यान म्हणतात.'"

निसारभाईंनी तोंडावर रुमाल धरला.

"हसू नका. तीस वरसं मी ते घर हाकलं. आन नाशकाच्या मांडवात, हजार मानसांम्होरं, सगळं श्रेय कोन्या रामरावाला. मग मी कशाला बसू तिथं?"

गोरक्ष मटकन उंबऱ्यातच बसला. "दादा, पण त्यात लिहिलंय की कारभारी ठरवत नाही. फक्त सांगतो. तुम्हाला राग त्याचा नाही आला?"

"त्यात काय राग? खरंच हाय ते." खंडेराव जराही न लाजता म्हणाले. "तू नवीन काय शोधलं? मला लग्न झाल्यापून ठावं हाय. पर सांगायलाबी मानूस लागतो का नाय? आत ठरलेलं बाहेर आनून, वाल्मीकाचं एक्केचाळीस वेळा ऐकून, कोनाचं मन न मोडता सांगायचं, हे काय सोपं हाय? ते मी केलं. रामरावानं नाय."

अभ्यासाचा तसा रिवाज आहे, नाव उघड झालं तर लोकांना त्रास होतो, म्हणून नावं बदलतात, हे गोरक्षने कसंबसं सांगितलं.

"नाव कोन लपवतो?" खंडेराव म्हणाले. "मी काय चोरी केली?"

गोरक्षला एकदम इतकं हलकं वाटलं की तो मोठ्याने हसू लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "निसारभाई, नाव बदलता येईल?"

निसारभाईंनी बोटांवर मोजलं. "रा, म, रा, व. खं, डे, रा, व. चाराला चार. ओळ हलायची नाही. रात्र पडायच्या आत करून देतो. यशवंतराव?"

"वाल्मीक उगले," वाल्मीक म्हणाला. "लोकल बोर्डाचे सभासद. सगळं घाला. जागा झाली तर विंचूरवाल्याचंबी घाला."

"त्यांचं त्यांना विचारावं लागेल, नाना."

"मी इचारतो," वाल्मीक आनंदाने म्हणाला.

आतून गोजराबाई बाहेर आल्या, रसाचे हात तसेच. "मंग माझंबी घाल. गोजराबाई. साडेतीन पानं."

निसारभाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि मुद्रिताच्या कडेला एकेक नाव लिहून घेतलं. मग त्यांनी पान उलटलं. "एक विचारू प्रोफेसरसाहेब? ह्या प्रकरणात जी बाई आहे, जी खरी ठरवते, तिचं काय? रामरावला नाव होतं, यशवंतरावला होतं, कोतवालाला होतं. तिला मात्र पानापानावर आपलं 'घरातील ज्येष्ठ स्त्री'. माझ्या खणातले 'ष्ठ'चे खिळे संपले साहेब, दुसऱ्या छापखान्यातून मागून आणले. तेव्हा जुळवता जुळवता मनात आलं, की ह्या बाईला खोटं नावसुद्धा का नाही?"

गोरक्षने गठ्ठा उघडला, चाळला, परत मिटला. मुंबईच्या पत्राने उचललेला तो लेख त्याला आठवला आणि कान गरम झाले. ज्या माणसामुळे सबंध पुस्तकाला अर्थ आला, त्याला नाव द्यायचं त्याला सुचलंच नव्हतं. सहा वर्षांत एकदाही.

दाराआड उभ्या असलेल्या सिंधूला वाटलं, आपणही दोनदा उतरवलं. दोनदा हाताखालून गेलं, आणि आपल्यालाही खटकलं नाही. तिने मान वळवून चुलीकडे पाहिलं. थोरली पानं लावत होती. हात चालू होते, पण चुना आज जरा जास्त लागत होता.

"वैनी," गोरक्ष उंबऱ्यातून आत वळून म्हणाला. त्याचा आवाज वर्गातला नव्हता. "माझं चुकलं. तुमचं नाव घालू?"

थोरलीने चुन्याचं बोट पुसलं. मतदारांची यादी करणारा माणूस गेल्या वर्षी दारात आला होता. त्याने नवऱ्याचं नाव विचारलं, तिने ते घ्यायचं नाही म्हणून मान खाली घातली, शेजारणीने सांगितलं, आणि त्याने लिहून घेतलं, 'खंडेरावांची बायको'. त्याच नोंदीवर तिने ह्या हिवाळ्यात मत टाकलं होतं. घरात ती थोरली, वैनी, आई, मामी, सगळं होती. नावाने हाक मारणारी एकच होती, ती तिची आई, आणि तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलण्यासारखं काय आहे त्यात, असंच तिला वाटायचं.

"मला इचारता ना?" ती आतूनच म्हणाली. "एकानंबी नाय म्हनलं तर पुस्तक निघनार नाय, असा शब्द हाय ना तुमचा?"

"आहे."

"मंग माझं आइका. नाव घालायचं तर ते कारभाऱ्यांनी सांगायचं. आपल्या तोंडानं, सगळ्यांम्होरं. नायतर माझं नको."

गोजराबाईंना हसू आवरेना. छत्तीस वर्षांत खंडेरावांनी बायकोचं नाव घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा सोळा वर्षांचा नवरदेव पोट दुखतंय म्हणून मळ्यात पळाला होता, ही गोष्ट घरात अजून सांगितली जायची. पुढे 'अगं', 'ऐकलं का', आणि फार झालं तर घसा खाकरणं, एवढ्यावर संसार झाला.

"गोरखला ठावं हाय नाव," खंडेराव म्हणाले. "लिही की."

"मला सांगायचा अधिकार नाही, दादा," गोरक्ष म्हणाला. त्याला आता मनापासून मजा वाटू लागली होती, आणि भीतीही होतीच. सहा वर्षं, ती बांधलेली पानं, सगळं त्या पटक्याखालच्या माणसाच्या चार अक्षरांवर येऊन थांबलं होतं. "आत ठरलंय. तुम्ही फक्त सांगायचं. तुमचं कामच ते, असं आत्ताच म्हणालात."

"उखान्यात घ्या दादा, सोपं जातं," वाल्मीक म्हणाला.

"तू गप," खंडेराव म्हणाले. "बेचाळीस झाले."

निसारभाई पेन्सिल धरून तयार बसले होते. "कारभारीसाहेब, मी जुळारी माणूस. घाई नाही. पण लग्नपत्रिका थांबल्यात."

खंडेराव उठून उभे राहिले. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. पटका काढला, पुन्हा घातला. रस्त्याकडे बघितलं, मग लक्षात आलं तसे घराकडे वळले. दारात सिंधू होती, तिच्या मागे गोजराबाई, त्यांच्या मागे पिवळ्या हातांच्या बायका, आणि सगळ्यांच्या मागे, दिसत नव्हती तरी, ती. सोळाव्या वर्षी मळ्यात पळालेला माणूस आता बावन्न वर्षांचा होता आणि त्याला पळायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर पळावंसं वाटतही नव्हतं. हजार माणसांच्या मांडवात आपलं नाव न येणं काय असतं, ते त्यांना काल संध्याकाळीच कळलं होतं.

त्यांनी घसा खाकरला.

"लिहा," ते म्हणाले. "बयाबाई."

निसारभाईंची पेन्सिल कागदावर चालली. कुणीतरी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग स्वयंपाकघरातून, लहानपणी शेतातून आईला द्यावी तशी, स्वच्छ मोकळ्या आवाजात ओ आली.